मोहोरबंद स्कूटर

तात्यांनी स्कूटर घेतली ती वहिनींच्या नोकरीसाठी, आणि ती रोज बंद पडू लागली ती तात्यांमुळे. यातली पहिली गोष्ट तात्यांनी भेटेल त्याला सांगितली. दुसरी त्यांना स्वतःलाच फार उशिरा कळली, त्यामुळे ती सांगायचं काम आपल्याकडे आलं.

वहिनी म्हणजे तात्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. मुलगी शिकायला परगावी गेली, घर रिकामं झालं, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वहिनींना शिवणकला केंद्रात शिक्षिकेची नोकरी लागली. इतकी वर्षं खिडकीशी मशीन लावून लोकांचे कपडे शिवून देणाऱ्या बाईला आता खुर्ची मिळणार होती, फळा मिळणार होता आणि वीस मुली "बाई, बाई" करत मागे फिरणार होत्या. वहिनी त्या आठवड्यात घरात चालतानाही जरा ताठ चालत होत्या. अट एकच होती. पहिले तीन महिने उमेदवारीचे. सकाळी नऊच्या ठोक्याच्या आत सही. आणि तीन लेटमार्क झाले की उमेदवारी संपली, घरी बसा.

तात्यांना या अटीत काहीच वावगं वाटलं नाही. उलट केंद्राबद्दल आदर वाटला. ते स्वतः एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क, आणि हजेरीपत्रक त्यांच्याच टेबलावर. बावीस वर्षं त्यांनी लाल शाईने लेटमार्क दिले होते आणि ते देताना कधी कोणाची गय केली नव्हती. कोणी कारण सांगू लागला की ते मान वर न करता म्हणत, "कारण नको, वेळ सांगा."

प्रश्न फक्त बसचा होता. दोन बस बदलून गेलं तर वहिनी नऊ वीसला पोचत होत्या.

"मी सोडीन की तुला रोज," तात्या म्हणाले. "माझी कचेरी तिथून पाच मिनिटांवर."

"कशावरून सोडाल?"

"स्कूटरवरून."

"कुठल्या स्कूटरवरून?"

"घेतो," तात्या म्हणाले.

आणि घेतली. गुरांच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरची होती. रंग एकेकाळी निळा असावा. तात्यांनी इंजिन पाहिलं नाही, कागद पाहिले. नोंदणी, विमा, कर, सगळं भिंग लावून तपासलं आणि एका ठिकाणी तारखेत खाडाखोड होती ती कंपाउंडरकडून सही करून घेतली. कंपाउंडर सरळ माणूस होता. "गाडी गरीब आहे," तो म्हणाला, "लाथ मारली तरी काही बोलत नाही. पेट्रोल मात्र जरा जास्त पिते." गुरांमध्ये आयुष्य गेलेला माणूस दुसरं काय सांगणार? पण शेवटचं वाक्य तात्यांच्या मनात घर करून बसलं.

रविवारी वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. घरात एकटा नवरा आणि नवी वस्तू असली की काय होतं ते सांगायला नको. तात्यांनी सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं आणि चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट न्याहाळलं. झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तात्यांनी ते नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास!

"अस्सं!" तात्या स्वतःशीच म्हणाले. "पीत नाही ती. उडून जातंय!"

आता हे भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. टाकीतलं पेट्रोल जसजसं खाली उतरतं तसतशी वरून हवा आत यावी लागते. हवा आली नाही की पेट्रोल टाकीतच अडून बसतं आणि इंजिन उपाशी मरतं. हे कुठल्याही मिस्त्रीने पान खाता खाता सांगितलं असतं. पण विचारायला गेले तर ते तात्या कसले? त्यांच्या बावीस वर्षांच्या अनुभवात उघडं भोक म्हणजे कोणाचा तरी निष्काळजीपणा, आणि त्यावर औषध एकच. गोपनीय लिफाफ्यांसाठी लागणारी लाल लाखेची कांडी त्यांच्या बॅगेत असे. पितळी शिक्काही असे, कारण तो कोणाच्या भरवशावर ते कचेरीत ठेवत नसत. झाकण साबणाने तीनदा धुऊन, पुसून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थापली. आतल्या बाजूला अशासाठी, की बाहेरून शोभा जाते. लाख ओली होती तेवढ्यात सवयीने हात गेला आणि तिच्यावर शिक्का बसला. लाख लावून शिक्का न मारणं तात्यांना या जन्मी शक्य नव्हतं.

वहिनी घरी आल्या तेव्हा मेणबत्ती जागच्या जागी होती आणि तात्या निष्पाप चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत होते.

सोमवारी साडेआठला दोघं निघाली. वहिनींच्या मांडीवर शिवणाची पिशवी, तात्यांच्या डोक्यावर नवं हेल्मेट. वेग ताशी पंचवीस, कारण त्याच्या वर तात्यांना स्वतःचे विचार ऐकू येत नसत. अडीच किलोमीटरवर एक चौक लागतो. चौकाच्या एका कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान, समोर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आणि दोन्हींच्या मध्ये एक बाक. त्या बाकापाशी येऊन स्कूटर दोनदा खोकली आणि थांबली.

चौकात गाडी बंद पडली की माणसं येतात. येताना प्रत्येकजण एकच प्रश्न घेऊन येतो.

"पेट्रोल आहे ना?" इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून आला.

"टाकी भरलेली आहे," तात्या दुखावून म्हणाले.

"तरी बघू." त्याने सीट उचलली, झाकण काढलं, टाकीत एक डोळा घालून पाहिलं आणि झाकण लावलं. "आहे की! मग कचरा अडकला असणार. आडवी करायला पाहिजे." त्याने स्कूटर एका अंगावर आडवी केली, दहा आकडे मोजले, उभी केली आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल. झाकण उघडलं तेव्हाच हवा आत गेली होती आणि पेट्रोल मुकाट खाली उतरलं होतं. आडवी करायची काही गरज नव्हती. पण इस्त्रीवाल्याने आडवी केली आणि गाडी सुरू झाली, हे चौकाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वहिनी नऊ सात वाजता पोचल्या आणि हजेरीपत्रकात पहिला लाल शेरा पडला.

मंगळवारी स्कूटर त्याच बाकापाशी थांबली. त्यात नवल नव्हतं. तात्या रोज संध्याकाळी घराजवळच्या पंपावर टाकी एकाच खुणेपर्यंत भरत, रोज त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जात. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून गाडी चौकातच अडे; तिथे झाकण उघडून जास्तीची हवा आत गेली की पुढची वाट निभत असे. नियमित माणसाची गाडी बंदही नियमितच पडते. या वेळी इस्त्रीवाल्याच्या आधी दातांचे डॉक्टर पोचले. त्यांनी अर्थातच पेट्रोल आहे का ते झाकण उघडून पाहिलं. मग स्पार्क प्लग काढला, दवाखान्यातून नाजूक हत्यारं आणून त्याच्यावरची काजळी खरवडली, फुंकर मारली आणि बसवला. किक. सुरू.

"किडला होता," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी वहिनी नऊला दोन मिनिटं कमी असताना पोचल्या. बुधवारी बाकावर बसणाऱ्या निवृत्त बसड्रायव्हरने दोघांनाही हाताने दूर सारलं. "तीस वर्षं गाडी हाकलीय मी," ते म्हणाले. "माणूस काय, गाडी काय, धाप लागली की दमानं घ्यावं." त्यांनी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, ओलं फडकं करून इंजिनावर टाकलं आणि खिशातलं घड्याळ काढून सात मिनिटं कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. सात मिनिटांनी किक मारली. स्कूटर सुरू झाली. वहिनी नऊ चारला पोचल्या, आणि दुसरा लाल शेरा पडला.

तेव्हापासून त्या चौकात तीन पक्ष झाले. आडवी पक्ष, प्लग पक्ष आणि फडकं पक्ष. तिघांकडे पुरावे होते आणि तिघांचेही पुरावे खरे होते. येणारेजाणारे आपापल्या स्वभावाप्रमाणे एकेका पक्षाला जाऊन मिळत. झाकण सगळेच उघडत, पण झाकण उघडलं की सगळे टाकीत बघत. झाकणाच्या पोटात कोणी बघितलं नाही.

संध्याकाळची गोष्ट तात्यांनी घरी सांगितलीच नव्हती. वहिनी दुपारीच बसने घरी येत. तात्या एकटे परतताना स्कूटर बंद पडे ती भाजीबाजारापाशी. तिथे तात्या शांतपणे उतरत, झाकण उघडून पेट्रोल पाहत, अर्धा किलो काहीतरी घेत आणि परत किक मारत. चार दिवसांत घरात इतकी भाजी साठली की वहिनी दाराआडच्या टोपलीकडे बघून नुसत्या "हं" म्हणाल्या. तात्यांना वाटलं, बायको खूश आहे.

दोन लेटमार्कांनी मात्र तात्यांची झोप उडाली. आता एकच उरला होता. गुरुवारी वहिनींना फाटकात सोडून ते स्वतः प्राचार्यांना भेटायला गेले. प्राचार्या म्हणजे किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. टेबलावर एक घड्याळ, भिंतीवर एक आणि मनगटावर एक.

"त्याचं असं झालं, मॅडम," तात्यांनी सुरुवात केली, "आमची स्कूटर..."

"कारण नको," बाई मान वर न करता म्हणाल्या. "अर्ज द्या."

तात्यांना गहिवरून आलं. असं माणूस आपल्या कचेरीला मिळायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे तीन प्रतींत अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयास अनुसरून", समास सोडून, सगळं. बाईंनी अर्ज वाचला, परत वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावरही आदर उमटला. पण नियम तो नियम.

"सोबत काय जोडलंय?" त्यांनी विचारलं.

"सोबत?"

"वाहनात बिघाड होता, याचा मिस्त्रीचा दाखला. तो जोडा, मग एक लेटमार्क रद्द करण्याचा विचार होईल."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची लाज वाटून तात्या मागच्या पावली बाहेर आले. जोडपत्राविना आलेले किती अर्ज त्यांनी स्वतः परत पाठवले असतील याची गणती नव्हती.

दाखल्यासाठी ते घराजवळच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री गल्लीत पत्र्याच्या शेडखाली बसायचा आणि बोलण्यात कंजूष होता. त्याने झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली आणि परत आला.

"गाडी ठणठणीत आहे."

"अहो, रोज बंद पडते!"

"माझ्यासमोर पडली?"

"तुमच्यासमोर नाही. अडीच किलोमीटरवर पडते."

"मग अडीच किलोमीटरवरच्या मिस्त्रीकडे जा," तो म्हणाला. तरी माणूस कनवाळू होता. त्याने कार्ब्युरेटर धुतला, एक केबल बदलली, पुन्हा चक्कर मारली आणि तात्यांकडे निरखून पाहिलं. "साहेब, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही चालवता कशी?"

तात्यांनी राग मानला. पण दाखला हवा होता, म्हणून गिळला. मिस्त्रीने कपाटातून कोरं बिलाचं पुस्तक काढलं आणि तेलकट बोटांनी सावकाश लिहिलं: "सदर गाडी तपासली. कोणताही बिघाड नाही. गाडी उत्तम आहे." खाली सही केली, शिक्का मारला. असा दाखला अर्जाला जोडला असता तर झालेले दोन लेटमार्क कायम राहून वर खोटं बोलल्याबद्दल तिसरा मिळाला असता. तात्यांनी तो घडी घालून पाकिटात ठेवला आणि तीन प्रतींतला अर्ज बॅगेच्या तळाशी गेला.

त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "मी उद्यापासून रिक्षाने जाते."

तात्यांचा घास हातातच राहिला. "दारात स्वतःची स्कूटर उभी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील?"

"लोक चौकात भेटतातच की रोज. विचारू का त्यांना?"

"अगं, एक आठवडा दे मला. एकच."

वहिनींनी ताट बाजूला सारलं. "मला ती नोकरी हवीय हो," त्या म्हणाल्या. "परवा एका मुलीने पहिल्यांदा सरळ शिवण घातली आणि कापड उचलून मला दाखवायला धावत आली. तेवढ्यासाठी हवीय. गेली तर आता परत कोण देणार मला?"

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. हजेरीपत्रकातल्या लाल शेऱ्याच्या पलीकडे असं काही असतं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: आठवडाभर घरून वीस मिनिटं लवकर निघायचं. चौकात दहा-पंधरा मिनिटं गेली तरी वेळेत पोचू.

यात तात्यांचा एक हिशेब चुकला. पूर्वी वहिनी घड्याळ बघत उभ्या असत म्हणून चौकातले लोक उपचार आटोपते घेत. आता शुक्रवारी तात्या म्हणून गेले, "आज जरा वेळ आहे," आणि डॉक्टरांचे डोळे चमकले. वेळ आहे म्हटल्यावर नीट बघायला नको? शुक्रवारी प्लगबरोबर वायरही सोडवली गेली. शनिवारी स्कूटर दोन्ही अंगांवर आडवी झाली. घरून जितकं लवकर निघावं तितका उपचार सखोल होत गेला आणि वहिनी दोन्ही दिवस ठोक्याला मिनिटभर असताना धापा टाकत पोचल्या.

सोमवारी तर चौकाने कळसच गाठला. आठ बावीसला स्कूटर बाकापाशी थांबली तेव्हा तिघंही स्वागताला उभे होते. रविवारी म्हणे त्यांची बैठक झाली होती आणि भांडण मिटवण्यासाठी संयुक्त उपाय ठरला होता. आधी प्लग, मग आडवी, मग फडकं, एकापाठोपाठ एक. आजार मुळातून जायला हवा, यावर तिघांचं एकमत होतं. दवाखान्याच्या दारात एक पेशंट तोंडात कापूस धरून बघायला येऊन उभा राहिला. बसड्रायव्हरनी झाकण काढून पेट्रोल पाहिलं आणि झाकण परत लावलं. डॉक्टरांनी प्लग काढला.

"नुसता खरवडून भागायचं नाही," ते म्हणाले. "उकळून घेतो." आणि तो घेऊन आत गेले.

आठ सदतीस. प्लग पाण्यात उकळत होता, स्कूटर इस्त्रीवाल्याच्या मिठीत आडवी पडली होती आणि फडकं भिजत होतं. तात्या एकदा दवाखान्याकडे बघत, एकदा घड्याळाकडे.

वहिनी इतके दिवस बाजूला पिशवी धरून उभ्या असत. आज त्या पुढे आल्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "गाडी रोज वेगळ्या औषधाने बरी होते. तिन्ही औषधं लागू पडतात असा आजार मी तरी पाहिला नाही. तिन्ही औषधांच्या आधी तुम्ही काय करता?"

"काही नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "पेट्रोल बघतो फक्त."

"म्हणजे झाकण उघडता."

"झाकण उघडल्याशिवाय दिसणार कसं?"

"आणि हे भाजीबाजारात उभं राहून रोज तेच करतात," वहिनी म्हणाल्या. तात्यांनी चमकून पाहिलं; हे तिला कसं कळलं, ते विचारायची ही वेळ नव्हती. "तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? चार थेंब येतात आणि थांबतं. वर दुसरं भोक पाडलं की धार लागते, कारण हवा आत जाते. या टाकीला हवेचं भोक कुठाय?"

इस्त्रीवाल्याने बसड्रायव्हरकडे पाहिलं. तात्यांचा हात मात्र बॅगेकडे गेला. तेलाचा डबा म्हटल्याबरोबर त्यांना मेणबत्ती आठवली होती.

इस्त्रीवाल्याने स्कूटर उभी केली, बसड्रायव्हरनी झाकण काढून हातात धरलं आणि वहिनींनी ते पुढे वाकून उलटं केलं. त्याच्या पोटात लालभडक लाख होती आणि लाखेवर गोल शिक्का. पेट्रोलने अक्षरं पुसट झाली होती, पण शिक्का म्हणून ओळखू येत होता. वहिनींनी एकदा लाखेकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. मग पिशवीतून दाभण काढला, गोधडी शिवायला वापरतात तसली जाड सुई.

"अहो वहिनी, थांबा!" बसड्रायव्हर झाकण छातीशी धरून मागे सरकले. "सील आहे ते! कंपनीचं!"

"ओरिजिनल सील," इस्त्रीवाला दबल्या आवाजात म्हणाला.

"सील तोडलं की कंपनी हात वर करते," बसड्रायव्हर म्हणाले. "तीस वर्षांत मी एक सील तोडलं नाही. आधी पत्र टाकू, उत्तर येऊ द्या, मग बघू."

आठ त्रेचाळीस. तात्यांना दोन वाटा दिसत होत्या. गप्प बसावं, तर या चौकात त्यांची इज्जत शाबूत राहत होती. कंपनी, कंपाउंडर, नशीब, कोणावरही ढकलता आलं असतं. आणि बोलावं, तर उद्यापासून सगळ्यांनी त्यांच्याकडे बघून हसावं. पण कापड उचलून धावत येणारी ती मुलगी त्यांना डोळ्यांपुढून हलेना. तात्यांनी हेल्मेट काढलं. असल्या गोष्टी बोडक्या डोक्याने सांगाव्यात, असं त्यांना वाटलं असावं.

"ते सील कंपनीचं नाही," ते म्हणाले. "माझं आहे. मी लावलं. मला वाटलं, भोकातून पेट्रोल उडून जातं. स्वयंपाकघरात लाख वितळवली, वर कचेरीचा शिक्का मारला. गाडीत काही दोष नव्हता. प्लगही चांगला होता. दोष माझा आहे."

बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि हसू फुटायची वाट पाहिली.

हसू फुटलं, पण भलत्याच तऱ्हेचं. इस्त्रीवाल्याने स्कूटर सावरत प्रेमाने मान हलवली. "काय साहेब, चेष्टा करताय गरिबांची!"

"तात्या," बसड्रायव्हर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनींना उशीर होतोय म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय, कळतं आम्हाला. पण तुमच्यासारखा कायद्याचा माणूस असलं काही करील? लहान मूलसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

"अहो, खरंच मी केलं!"

"केलं नाही हो."

"शिक्क्यावर आवक-जावक लिहिलंय! वाचा!"

दोघांनी डोळे बारीक करून वाचलं. "कंपनीतही आवक-जावक असतंच की," इस्त्रीवाला म्हणाला. पेशंटने कापसातून काहीतरी दुजोरा दिला. आयुष्यभर जपलेला लौकिक नेमका नको तेव्हा तात्यांच्या उपयोगी पडत होता. उभ्या जन्मात त्यांनी एकच गुन्हा कबूल केला, आणि तोही कोणी मान्य करेना!

"झाकण," वहिनी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण आठवडाभर वीस मुलींना रांगेत बसवणाऱ्या बाईचा होता. बसड्रायव्हरनी तीस वर्षांचा अनुभव विसरून झाकण त्यांच्या हातात दिलं.

वहिनींनी दाभण लाखेत रोवला, फिरवला, दोनदा टोचला. मोहोर फुटली आणि तुकडे खाली पडले. उजेडाकडे धरून त्यांनी भोकातून आरपार पाहिलं, झाकण लावलं आणि दवाखान्याकडे वळल्या.

"प्लग."

डॉक्टर चिमट्यात वाफाळता प्लग धरून मुकाट बाहेर आले. हात भाजत असतानाही त्यांनी तो घट्ट बसवला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तात्यांनी किक मारली. पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "उकळला म्हणून."

"आडवी मी केली होती मघाशी," इस्त्रीवाला म्हणाला.

बसड्रायव्हरनी ओलं फडकं पिळून खांद्यावर टाकलं. "चोवीस मिनिटं उभी होती. विश्रांती मिळाली तिला." चौकाची घडी पुन्हा नीट बसली होती. तात्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं, पण वहिनींनी मागून पाठीत पिशवी टेकवली आणि म्हणाल्या, "चला हो."

त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदा पंचविसाचा आकडा ओलांडला. चाळीस, मग बेचाळीस. मागे वहिनी हलत होत्या. तात्यांना आधी वाटलं, घाबरल्यात. मग कळलं की हसतायत. एकदा सुरू झालेलं ते हसू थांबेचना. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं तरी थांबेना. तात्या हेल्मेटच्या आत तापलेल्या कानांनी गाडी हाकत राहिले.

फाटकापाशी ब्रेक लागले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊला दोन मिनिटं होती. वहिनी उतरल्या, धावल्या, तीन पायऱ्या चढल्या आणि चौथ्या पायरीवरून परत फिरल्या.

"अगं, काय करतेस! जा!" तात्या ओरडले. "दोनच मिनिटं आहेत!"

वहिनींना धाप लागली होती. डोळ्यांत हसण्याने पाणी आलं होतं. त्या खाली येऊन तात्यांच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्यांचा नाही बसला, पण माझा बसला हं विश्वास. लाख तुम्हीच लावलीत. अगदी शंभर टक्के तुम्हीच."

आणि पिशवी सावरत पळाल्या. खिडकीतून तात्यांना दिसलं: वहिनी टेबलाशी वाकल्या, प्राचार्यांनी मनगटावर पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं आणि हजेरीपत्रक पुढे सरकवलं. नऊचे ठोके पडायला लागले तेव्हा सही होऊन गेली होती. तात्या स्कूटर चालू ठेवून तिथेच उभे राहिले. त्यांच्या शब्दाबद्दल बावीस वर्षांत कोणी कधी शंका घेतली नव्हती, आणि कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणून त्यांना इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.